हातगुणाची चौकशी

इंदुताईंना स्वतःला साधं पडसंही दोन दिवस टिकत नाही. पण बेगम बाजारच्या आसपासच्या मराठी घरांत कोणाचं काही दुखलंखुपलं, की पहिला फोन त्यांनाच येतो. डॉक्टरचा नंबर त्यानंतर. गुडघा दुखतोय, कोणाकडं जाऊ? सुनेचे दिवस भरत आलेत, कोणाचा हात चांगला? इंदुताई क्षणभर डोळे मिटतात आणि नाव सांगतात. हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि ते सहसा चुकत नाही.

त्यांचा सगळा विश्वास हातगुणावर. गोळी तीच, सुई तीच, पण एकाच्या हातून घेतली की माणूस उठून बसतो आणि दुसऱ्याच्या हातून घेतली की नुसताच झोपून राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बरं, एवढ्यावर थांबणारी ही बाई नव्हे. हातगुण येतो कुठून, तो एकाच दुखण्यापुरता असतो का सगळ्याला चालतो, म्हातारपणी तो कमी होतो का, असे प्रश्न त्यांना भाजी निवडताना पडतात. त्यांचं माहेर बिदरकडचं, शेतीवाल्यांचं. तिथं बैलाचे दात मोजल्याशिवाय कोणी बैल घेत नसे. मग डॉक्टर तरी न बघता कसा घ्यायचा, असा त्यांचा रोकडा सवाल.

म्हणून त्या दवाखान्यात जाऊन बसतात. आजारी नसताना. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, आणि बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचं. काउंटरवरच्या मुलीनं टोकन विचारलं तर म्हणायचं, सोबत आलेय. कोणासोबत, ते तिनं विचारू नये. मग शेजारच्याशी अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या दखनीत बोलणं सुरू करायचं. काय झालं होतं, आता कसं वाटतं, डॉक्टर चिडतात का. माणसं सांगतात. दुखणं सांगायला माणसाला कोणीतरी हवंच असतं आणि इंदुताईंसारखं ऐकणारं माणूस दवाखान्यात दुसरं मिळत नाही. सून तेजश्री मोबाइलवर डॉक्टरांचे तारे बघते. इंदुताईंनी एकदा तिच्याकडून ते वाचून घेतले, तर हाडांच्या एका नामी डॉक्टरला लोकांनी एकच तारा दिला होता, का, तर गाडी लावायला जागा नाही. तेव्हापासून त्या ताऱ्यांकडं बघत नाहीत.

त्यांचे यजमान नामदेवराव मिरची-हळदीचे घाऊक व्यापारी. गोणीत हात घालून मिरचीची जात सांगणारे. आणि बोलणारे किती, तर चार भाषांत भांडण करून पाचव्या भाषेत समेट करणारे. शेतकऱ्याशी तेलुगू, हमालाशी दखनी, शेटजींशी हिंदी, घरी मराठी. संध्याकाळी पाय धुऊन झोपाळ्यावर बसले की दिवसभराचा बाजार इंदुताईंपुढं मांडायचे. कोणाचा माल भिजला, कोणी कोणाला टोपी घातली, कोणाच्या पोरानं पळून जाऊन लग्न केलं. नुसतं सांगायचे नाहीत, ज्याचं त्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या आवाजात करून दाखवायचे. इंदुताई मधे मधे विचारायच्या, मग तो काय म्हणाला? मग ती काय म्हणाली? त्यांचा संसार हाच. भांडीकुंडी, पोरंबाळं सगळ्यांकडं असतात. पण रोज संध्याकाळी असं जग घरी आणून देणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही, हे त्या जाणून होत्या. नवऱ्यासमोर मात्र हे कधी बोलल्या नाहीत.

तो आवाज एका उन्हाळ्यात बसला.

कोणाला त्याचं काही वाटलं नाही, आणि का वाटावं? मिरचीच्या गल्लीत सगळ्यांचेच गळे बसलेले. नव्या माणसाला तिथं उभंही राहवत नाही, असा खकाणा. ज्याचा आवाज स्वच्छ, तो तिथला नव्हेच असं धरून चालतात. इंदुताईंनी ज्येष्ठमध दिला, खडीसाखर दिली, हळदीचं दूध दिलं. मग नेलं डॉ. एकनाथरावांकडं. हे घरचे डॉक्टर, अफझलगंजच्या आतल्या गल्लीत बसणारे, आता कानांनी थोडे कमी. मुलगा हर्षवर्धन लहान असताना विषमज्वरात हातचा जायचा, तो यांच्या हातानं राहिला. इंदुताईंच्या यादीत हातगुणाला पहिला नंबर त्यांचा.

एकनाथरावांनी गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. पुन्हा दिल्या. तिसऱ्या वेळी घशात टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, एखाद्या घशाच्या डॉक्टरला दाखवून घ्या, आत दुर्बीण घालून बघायला पाहिजे, मला इथून दिसत नाही. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं. आणि इंदुताईंनी काय केलं? त्यांना वाटलं, म्हातारा माणूस, विनयानं बोलतोय. ज्याच्या हातानं पोरगा वाचला त्याच्या हाताला घसा काय जड? त्यांनी त्याच गोळ्या आणखी महिनाभर चालवल्या. डॉक्टरचा हात मानला आणि डॉक्टरचं तोंड ऐकलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा प्रकार. सगळ्या बाजाराला डॉक्टर सांगणारी बाई स्वतःच्या घरी आंधळी झाली.

त्यांचे डोळे उघडले ते वरंगळच्या एका फोनानं. तिकडचा एक आडत्या, नामदेवरावांशी वीसेक वर्षांचा व्यवहार. नामदेवरावांनी त्याला फोन लावला आणि दोन वाक्यं बोलले, तर पलीकडून फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शेवटी त्यानं हर्षवर्धनला फोन करून बजावलं, तुमच्या वडिलांचा फोन कोणीतरी चोरलाय, सावध राहा. हर्षवर्धननं ही गोष्ट घरी हसत सांगितली. नामदेवरावही हसले. इंदुताई हसल्या नाहीत. रोज ऐकणाऱ्याला वाढणारं दुखणं ऐकू येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी तेजश्रीनं शोधून ठेवलेल्या एका मोठ्या, काचेच्या दवाखान्यात दोघं गेले. नाकातून दुर्बीण घातली. स्वरयंत्राच्या एका पट्टीवर पांढरट उंचवटा दिसला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. लेझरनं तोंडावाटेच काढता येईल, बाहेरून चिरायचं नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डॉक्टर तरुण, हसतमुख, कामात वाकबगार. आवाजाचं काय, असं नामदेवरावांनी विचारल्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, शंभर टक्के पहिल्यासारखा येईल.

नामदेवरावांना तिथंच सही करायची होती. घाबरलेल्या माणसाला शंभर टक्के हा शब्द फार गोड लागतो. इंदुताईंनी मात्र विचारलं, तुमच्या हातून कोणाचा आवाज गेलाय का? डॉक्टर हसले आणि म्हणाले, अम्मा, असं वाईट मनात आणायचं नाही. प्रश्न तिथंच राहिला. आणि इंदुताईंच्या पोटात एकदा प्रश्न राहिला की त्यांना अन्न गोड लागत नाही.

त्या पुढचे दोन दिवस त्या दवाखान्यात बसल्या. बाहेर येणारा प्रत्येक जण खूश. देवमाणूस आहे, हातात जादू आहे. एरवी एवढ्यावर त्यांनी मोहोर उठवली असती. पण घरी येताना बसमधे त्यांच्या मनात एक भलताच विचार आला. इथं येऊन बसणारे सगळे गुण आलेलेच. ज्यांचं बिघडलं, ते कशाला परत येऊन या खुर्च्यांवर बसतील? ते दुसरीकडं गेले असतील, नाहीतर घरी बसले असतील. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या ज्या दवाखान्यात बसून हातगुण मोजला, तिथं आपल्याला अर्धीच माणसं भेटली. उरलेली कुठं बसतात?

हा प्रश्न त्यांनी नामदेवरावांना सांगितला. ते वैतागले. बसलेल्या आवाजात वैतागणंही नीट जमत नव्हतं.

“डॉक्टर खुद्द शंभर टक्के म्हणून राहिला,” ते म्हणाले, “आता कायकू कीस काढायचा?”

“बाजारात शंभर टक्के म्हणणाऱ्याचा माल तुम्ही कधी घेतला का?” इंदुताईंनी विचारलं.

नामदेवरावांना हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. शेवटी म्हणाले, चार दिवस घे, पण चारच.

इंदुताई एकनाथरावांकडं गेल्या. आधी चूक कबूल केली. तुम्ही सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. म्हाताऱ्यानं त्यांना पाणी दिलं. मग इंदुताईंनी विचारलं, तुमच्या घरात कोणाला हे झालं तर तुम्ही कोणाकडं न्याल? एकनाथरावांनी घशाच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. सिकंदराबादला बसतात, नाव डॉ. स्वप्ना. एकनाथरावांनी स्वतःच्या बहिणीला तिथंच नेलं होतं. बाई फार गोड बोलत नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवतो म्हणाले.

सिकंदराबादच्या त्या दवाखान्यात भपका नव्हता. पंखे फिरत होते, खुर्च्या भरलेल्या. नामदेवरावांना सोबत आणलं होतं, त्यांचा नंबर यायला अवकाश होता. इंदुताईंनी सवयीनं शेजारी बघितलं. तिथं पांढऱ्या दाढीचा एक माणूस बसला होता, बायको सोबत. नाव उस्मानभाई, चारमिनारजवळ चपलांचं दुकान. इंदुताईंनी विचारलं, कशासाठी येता? त्या माणसानं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. इंदुताईंना वाकून, कान जवळ नेऊन ऐकावं लागलं.

तो सांगत होता, आवाज इथंच गेला. याच डॉक्टरीणबाईंच्या हातानं. गाठ मोठी होती, पुन्हा उठली, दुसऱ्यांदा काढावी लागली आणि पट्टी राहिलीच नाही.

जी माणसं कुठं बसतात म्हणून त्या विचारत होत्या, त्यातलं एक इथं शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं. गरज सरो, वैद्य मरो अशी जगाची रीत. इथं तर गरज सरलेलीही नव्हती आणि वैद्याच्या हातून काम बिघडलं होतं. तरी हा माणूस परत का येतो? त्यांनी विचारलं. सरळच विचारलं, कारण आडून विचारायला त्यांना वेळ नव्हता.

उस्मानभाईंनी थोडा श्वास घेतला. “पैले इच बोल्ली थी अम्मा, आवाज जा सकता बोल के. झूट नै बोल्ली,” ते कुजबुजले. मग पुन्हा श्वास घेऊन म्हणाले, “काम बिगड्या तो मूँ नै छुपाई. अब्बी बी बुलाती, देखती.”

त्यांच्या बायकोनं पुढचं सांगितलं. पहिल्या ऑपरेशननंतर रोग परत आला तेव्हा ही डॉक्टरीण स्वतः बाहेर येऊन शेजारी बसली होती आणि तिनं सांगितलं होतं की मला वाटलं तसं झालं नाही. आता कुजबुजण्यातून शब्द नीट कसे काढायचे हे शिकवणारी एक मुलगी तिनंच गाठून दिली. दुकानात गिऱ्हाइकांशी मुलं बोलतात, हे हिशोब बघतात, चाललंय.

नामदेवराव हे सगळं ऐकत होते. ते उठून बाहेर गेले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. इंदुताई मागोमाग गेल्या. नवरा रडत होता. एवढ्या वर्षांत त्यांनी नामदेवरावांना, त्यांच्या आईचा अंत्यविधी सोडला तर, रडताना पाहिलं नव्हतं. माझं असं झालं तर, एवढंच ते म्हणाले. इंदुताईंनाही तेच भय होतं, आणि हे त्यांनीच, आपल्या चौकशीच्या हौसेनं, नवऱ्यापुढं आणून उभं केलं होतं. शंभर टक्केवाल्याकडं निदान तो निवांत झोपला तरी असता. क्षणभर त्यांना स्वतःचा राग आला.

मग नंबर लागला. डॉ. स्वप्ना पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले, स्वतः पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. इंदुताई नवऱ्याच्या वतीनं उत्तरं द्यायला लागल्या तेव्हा त्यांना थांबवलं आणि नामदेवरावांकडूनच वदवून घेतलं. मग सांगितलं की गाठ लहान आहे, रोग जाण्याची आशा फार चांगली. दोन रस्ते आहेत, लेझर किंवा किरणांचा शेक. आवाजाची हमी मात्र कोणत्याच रस्त्यावर नाही. सुधारेल असं वाटतं, पण पहिला आवाज परत येईलच असं कोणी सांगितलं तर ते मनाचं सांगणं समजा.

“मी लेझर करते,” त्या म्हणाल्या, “म्हणून मला लेझरच बरं दिसणार. शेक देणाऱ्या डॉक्टरांनाही भेटा आणि मग ठरवा.”

इंदुताईंनी आपला प्रश्न विचारला. तुमच्या हातून कोणाचा आवाज गेलाय का? डॉक्टरांनी त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं. हो, म्हणाल्या. का गेला, त्यात गाठीचा वाटा किती आणि माझा किती, याचा विचार मी अजून करते. नावं सांगितली नाहीत, सांगू नयेतच. पण एक नाव बाहेर बसलं होतं.

शेक देणाऱ्या डॉक्टरांना भेटून झालं. तेही सज्जन होते. तिथं काही आठवडे रोज जावं लागणार होतं, एवढाच मुख्य फरक निघाला. घरी हर्षवर्धनचं मत काचेच्या दवाखान्याकडं, तेजश्रीचं अजून एका मुंबईच्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवावं असं. सगळ्यांनी इंदुताईंकडं बघितलं. निकाल त्यांचाच असायचा. पण इंदुताईंना या वेळी नाव घेता येईना. दुसऱ्याच्या गुडघ्याला डॉक्टर सांगणं निराळं.

नामदेवरावच बोलले. ज्या दुकानात बिघडलेला माल परत घेऊन बसतात, म्हणाले, तिथंच माझा सौदा. सिकंदराबाद.

लेझर झालं. गाठ पूर्ण निघाली, कडेचे तुकडेही तपासणीत स्वच्छ आले. पुढचा आठवडा बोलायचं नाही असा हुकूम होता. तो आठवडा इंदुताईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी झोपाळा हलायचा आणि कोणी बोलायचं नाही. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी त्या चप्पल घालून निघाल्या. लग्नापासून बाजाराच्या इतक्या जवळ राहून त्या मिरचीच्या गल्लीत कधी तासभर उभ्या राहिल्या नव्हत्या. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण उभ्या राहिल्या. कोणाचा माल आला, कोण कोणावर उखडला, हर्षवर्धन आडत्याशी कसा अडखळत बोलतो, सगळं बघून घेतलं आणि संध्याकाळी झोपाळ्यासमोर बसून सांगितलं. नकला त्यांना येत नव्हत्या, तरी केल्या. नामदेवराव भुवया उंचावून विचारत, मग तो काय म्हणाला?

मग बोलायची परवानगी मिळाली. आवाज आला, पण तो आवाज नव्हता. खरखरीत, दबका, वाक्याच्या शेवटी विरणारा. उस्मानभाईंना शिकवणाऱ्या त्याच मुलीकडं जाणं सुरू झालं, पुष्कळ सुधारणाही झाली. गल्लीत हाका मारणं मात्र गेलं. गोण्यांच्या गलक्यात तो आवाज बुडायचा. आता लिलावाला हर्षवर्धन उभा राहतो. आडत्याला फोन लावताना नामदेवराव आधी आपलं नाव सांगतात.

वर्षाच्या तपासणीला दोघं सिकंदराबादला गेले. रोगाचा मागमूस नव्हता. दुर्बीण काढून डॉ. स्वप्ना खुर्चीवर बसल्या आणि कोणी विचारण्याआधीच बोलल्या. आता यापुढं आवाजात फार फरक पडेल असं मला वाटत नाही. मला याहून जास्त परत येईल अशी आशा होती.

मग इंदुताईंनी, ज्यांना प्रश्न पोटात ठेवता येत नाही, विचारलंच. यांना तुम्ही कशात धरणार, जमलेल्यांत का बिघडलेल्यांत?

“गाठ गेली, ते जमलं,” डॉक्टर म्हणाल्या. “आवाजाचं तुम्ही सांगा. तुम्ही रोज ऐकता.”

आजवर इंदुताईंनी विचारायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं, असंच होत आलं होतं. आता त्यांची पाळी होती. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. नामदेवराव जमिनीकडं बघत होते, पण कान इकडं होता. खोटं बोलायचं नाही एवढं इंदुताईंनी ठरवलं आणि खरं काय ते शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

“ऐकू येतो मला,” त्या म्हणाल्या. “फक्त जवळ बसावं लागतं.”